हिरव्याच्या कडेने

डिंपलने कागदाच्या चारी टोकांवर दगड ठेवले, तरी आणे पठारावरचा वारा एक टोक पुन्हा पुन्हा उचलत होता. चिंचेखालच्या सतरंजीवर तिचा आराखडा पसरला होता. आराखडा तरी कसला, पहिला कच्चा विचार. फाटक इथे, पायी विहार करणाऱ्या जैन साध्वींच्या मुक्कामाच्या खोल्या तिथे, ओढ्याची वाट मोकळी, चिंच जागच्या जागी. आणि मधोमध हिरवा रंग.

तो हिरवा रंग तिचा नव्हता. सासऱ्यांचा, गुलाबचंदांचा होता.

"देणगीदार आधी काय बघतो, सूनबाई? हिरवळ!" ते आताही म्हणाले. "आज नकाशा ठरला तर ठीक. नाहीतर ठेकेदाराला सांगतो, बाबा, तूच आखून घे. मग तू आपली दुकानात बस. तिथंही माणूस लागतंच."

ते हसत म्हणाले. पण म्हटल्यासारखं करतील, हे तिला ठाऊक होतं. पुण्याला आर्किटेक्चर शिकून, लग्न होऊन आल्यावर हाती लागलेलं हे पहिलंच काम.

शेजारच्या शेतातले सावळेराम कागदावर वाकले.

"ह्ये मधलं काय म्हनायचं?"

"लॉन."

"गवात? प्यायाला टँकर येतो राव हितं, अन् तुमी गवताला पाजनार? आमच्या म्हशी लई दुवा देतील तुमाला, शेठ!"

गुलाबचंदांनी हसण्यावारी नेलं. डिंपलने मान खाली घातली. पाण्याचं तिने सुरुवातीलाच सांगून पाहिलं होतं. मग घरात शांतता राहावी म्हणून हिरवी पेन्सिल उचलली होती. कागदात आणखीही काही चुकत होतं, आणि काय ते हाती लागत नव्हतं.

"आल्या गं," म्हणत सासूबाई, उगमबाई, पदर सावरून उठल्या.

चातुर्मास संपवून निघालेल्या दोन साध्वी, दोन महासतीजी, रस्त्यावर दिसल्या. दोघी अनवाणी. मागच्या वयस्कर, जरा लंगडणाऱ्या. फाटकाच्या जागी पांढऱ्या फक्कीची रेघ होती, तिथे त्या थांबल्या.

"पधारो, महासतीजी!" गुलाबचंदांनी हात पुढे करून समोरची सरळ वाट दाखवली.

तिथून चिंचेपर्यंत पावसाळ्यातलं गवत अजून हिरवंगार होतं. नेमकं तिथेच, जिथे कागदावर तिने रंग भरला होता. पुढच्या साध्वींनी खाली पाहिलं. मग त्या वळल्या आणि मुरमाच्या कडेकडेने, सगळ्या रानाला वळसा घालून चालू लागल्या. वयस्कर साध्वी खड्यांवरून जपून पाऊल टाकत मागोमाग. गुलाबचंदांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

डिंपलची कानशिलं तापली. हिरव्यात जीव असतो, साध्वी त्यावर पाय ठेवत नाहीत; हे तिला का कुणी शिकवायला हवं होतं? लहानपणी महासतीजींबरोबर चालताना आई दंडाला धरून तिला गवतावरून बाजूला ओढायची. आणि आज त्यांच्याच मुक्कामाच्या दारात तिने हिरवं अंथरलं होतं.

वंदना झाली. गुलाबचंदांनी घसा खाकरला.

"महासतीजी, नकाशा एकदा नजरेखालून..."

"श्रावकजी, बांधकामात आमचा शब्द नसतो," पुढच्या साध्वी म्हणाल्या.

जमीन खणली की जीव मरतात. त्याला त्या हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. "दया पालो," एवढाच नेहमीचा आशीर्वाद देऊन दोघी पलीकडच्या सावलीत टेकल्या.

"चूक माझी आहे," डिंपल म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळून तिने पुन्हा म्हटलं, "बाबूजी, चूक माझी. मला कळायला हवं होतं."

तिने कोरा ट्रेसिंग कागद काढून आधीच्यावर ठेवला. खालचा हिरवा त्यातून फिकट दिसत होता. मुरमावर उमटलेल्या पावलांकडे बघत तिने फाटकापासून कडेने रेघ ओढायला घेतली. ही शेवटची रेघ असली, उद्यापासून दुकानात बसावं लागलं, तर असो. वारा आला, टोक फडफडलं, रेघ वाकडी गेली.

गुलाबचंद सतरंजीवर बसले आणि ते टोक त्यांनी तळहाताने दाबून धरलं. मग दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी रेघेवरून फिरवलं.

"या वाटेला सावली नाही, सूनबाई," ते म्हणाले. "कडेला झाडं काढ."