उशिराचं कारण

“अक्का, घोटभर पानी तरी द्या व. रातपासून पोटमा काही नही.”

थेटरच्या दारात स्ट्रेचरवर पडलेला उखर्डू कुरकुरला. साक्रीकडचा म्हातारा, हर्नियाचा पेशंट.

“ऑपरेशनआधी पाणी चालत नाही, आबा.”

“मंग त्या डॉक्टरले सांगा. तो जेवीसन येत व्हई.”

थेटर-सिस्टर सुनंदाबाईंना हसू आलं, संतापही आला. सकाळपासून त्या हत्यारं मांडून उभ्या होत्या. भूल देणारे डॉक्टर दोनदा चहा पिऊन आले होते. सर्जन बोरसे मात्र स्वतःच्या खाजगी दवाखान्यात पेशंट तपासत बसले होते. अख्ख्या धुळ्याला हे माहीत होतं. नव्या कॉम्प्युटरला तेवढं माहीत नव्हतं.

थेटर रिकामं का पडतं, हे शोधायला त्याला आणलेलं. उशीर झाला की तो कारण विचारायचा; कारणाचा आकडा दाबल्याशिवाय केस उघडायचीच नाही. एक, पेशंट तयार नाही. दोन, सिस्टर तयार नाही. तीन, लाइट नाही; पण लाइट असताना तीन तो घ्यायचाच नाही. डॉक्टर नाही, हे कारणच त्यात घातलेलं नव्हतं. कारणं ठरवायच्या मीटिंगला सगळे डॉक्टरच होते.

बोरसे आले ते घाईतच. “अजून केस उघडली नाही? एक दाबा की.”

“एक दाबलं की नाव यादीच्या तळाला जातं. आज नंबर लागत नाही.”

“हर्नियाच आहे. येईल पुढच्या आठवड्यात.”

“दोनदा परत गेलाय, सर. दोन्ही वेळा उशीर तुम्हाला झाला होता.”

बोरसे शांतपणे बाह्या दुमडत राहिले. “मेट्रनच्या जागेसाठी तुमचं नाव वर गेलंय ना? मग दाबा दोन. बघू.”

फरशी पुसणारी ताईबाई कुजबुजली, “नका बाई, बठ्ठं तुमच्या नावावर पडी.”

सुनंदाबाईंनी दोन दाबलं. उखर्डूची केस उघडली.

टेबलावर त्याला घेतल्यावर बोरसे मास्कमधून मोठ्यानं म्हणाले, “काय आबा, उशीर झाला ना? सिस्टर तयार नव्हत्या.”

उखर्डूनं मान वळवली. “खोटं कसाले बोलतस डॉक्टर? ती तं सकायपासून आठेच थेटरमा उभी शे, तुम्हीच...”

भूलवाल्यांनी लगबगीनं त्याच्या तोंडावर मास्क दाबला.

थोड्या वेळात उखर्डू गाढ झोपला. बोरशांनी न बघता हात पुढे केला. सुनंदाबाईंनी चाकू उचलला आणि रोजच्यासारखी मुठीची बाजू पुढे करून त्यांच्या हातात दिला.