खुसपटमामांनी पारखलेला सूसाफोन

मामांनी एखाद्या वाद्याला चांगलं म्हटलं की खुशाल समजावं, ते वाद्य भंगारात गेलं. पितळी वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, म्हणून जुनं वाद्य घ्यायचं असलं की लोक त्यांना पारखायला बरोबर नेत. विकणाऱ्यासमोर मामांची रीत ठरलेली. माल टाकाऊ निघाला तर "छान आहे हो, जपून ठेवा," म्हणायचं, चहा प्यायचा आणि उठायचं. माल मनात भरला, तर मात्र त्याला इतकी नावं ठेवायची की विकणाऱ्याने ओशाळून किंमत उतरवलीच पाहिजे. बँडवाले त्यांना पाठीमागे खुसपटमामा म्हणत. पाठीमागे म्हणजे काय, त्यांच्या दुकानाच्या दारात उभं राहूनच म्हणत. बरं, ही खोड दुकानापुरती राहिली असती तर ठीक होतं. मामींनी हौसेने केस कापून घेतले, तर "न्हाव्याला घाई होती वाटतं," एवढंच यांच्या तोंडून निघालं.

त्या दिवशी पारखायला बरोबर नेणारी होती त्यांची सख्खी भाची. भाची डेअरीची गाडी चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या बँडमध्ये मागच्या रांगेत सूसाफोन वाजवायची. अंगाभोवती वेढा घालून खांद्यावर बसणारं ते अवाढव्य वाद्य, डोक्यावर हा एवढा भोंगा. पण वाजवायची ते होतं दुसऱ्याचं, आणि तो दुसरा गाव सोडताना ते घेऊन गेला. बँडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं, पुढच्या सरावाला स्वतःचं वाद्य आण, नाहीतर झांजा धर. भाचीने ते फार मनाला लावून घेतलं होतं. झांजा वाजवण्यापेक्षा बँड सोडेन, असं ती आईला सांगून बसली होती आणि नीट जेवतही नव्हती. तेवढ्यात कळलं की चपलांच्या दुकानावरच्या खोलीत राहणारे एक आजोबा आपला जुना सूसाफोन विकताहेत.

जिना असा अरुंद की मामा तिरके होऊन चढले. खोलीत एकच बरी खुर्ची होती, गादीची, आणि तिच्यावर जावयासारखा ऐसपैस बसला होता सूसाफोन. आजोबा स्वतः स्टुलावर. खांद्याचं हाड झिजलं, डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली, शिवाय कानही असे गेले की बोलणं कळतं पण सूर कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. एका हॉटेलवाल्याला भोंग्यात दिवा बसवून तो छताला टांगायचा होता, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. वाजवणाऱ्याच्या हाती जावा एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला, बॅटरी काढली, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा काढला आणि कामाला लागले. भोंग्यावर कोरलेली वेल होती. डावा हात जिथे धरायचा तिथला चांदीचा मुलामा पार झिजून खालचं पितळ दिसत होतं. मामांनी एक पिस्टन न दाबता त्याची नळी ओढली, आणि आतून असा घसघशीत 'टप्प' आवाज आला की त्यांचं काळीज हललं. हवा जराही निसटत नसेल तरच असा आवाज येतो. कित्येक वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता.

"हवा गळतेय," मामा तोंड वाकडं करून म्हणाले.

दाराशी उभ्या भाचीला हसू आवरेना. मामांची रीत तिला पाठ होती. मग पोचे निघाले. मग सांध्यांचे डाख कच्चे निघाले. मग पितळ आतून कुजल्याचे गुलाबी ठिपके निघाले, जे मामांखेरीज कुणालाच दिसले नाहीत. प्रत्येक खुसपटासरशी भाचीचा जीव सुपाएवढा होत होता. आजोबा मात्र किंमत काही उतरवेनात, नुसते गप्प गप्प होत गेले. मामांना वाटलं, म्हातारा पक्का आहे, आता शेवटचा घाव घालावा. त्यांनी सूर जुळवायचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि भाचीला सूसाफोनवर एक सूर लावायला सांगितलं. तिने लावला. खिडकीची तावदानं थरथरली, आणि सूर चिमट्याच्या सुराला असा चिकटला की मध्ये केस शिरला नसता.

मामांनी मान हलवली. सूर चढा आहे, म्हणाले. जुन्या काळची बनावट, इतरांच्यात बसायचाच नाही. हा कायमच बेसूर.

आजोबांनी आपले हात उलटसुलट करून बघितले.

"म्हणजे मी जन्मभर बेसूर वाजवलं," ते म्हणाले. "मास्तर माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालायचे. मला वाटायचं, त्यांना सवयच आहे."

ते उठले, खाटेवरची चादर ओढून त्यांनी सूसाफोनवर घातली आणि भाचीला म्हणाले की पोरी, असली वस्तू मी तुझ्या गळ्यात मारणार नाही, हॉटेलवालाच बरा. मामा घाईघाईने म्हणाले, असू द्या हो, आम्ही चालवून घेऊ. आजोबा नाही म्हणाले. मागाल ती किंमत देतो असं मामांनी म्हटलं, तरी नाहीच. भाचीचा चेहरा उतरला होता.

"मामा, खरं सांग त्यांना," ती म्हणाली.

 आपण काय करून बसलो हे मामांना आता कळलं आणि स्वतःची फार लाज वाटली. पण चांगलं हा शब्द खरेपणाने उच्चारायची जिभेला सवयच नव्हती. शेवटी त्यांनी चादर बाजूला केली आणि आपली सगळी रीत आजोबांना सांगून टाकली. आवडलेल्या मालालाच आपण नावं ठेवतो, म्हणाले. हवा गळत नाही, पोचे वरवरचे आहेत, ठिपके तर नाहीतच.

"आणि सूर?" आजोबांनी विचारलं.

"चोख आहे. इतका चोख की मला भीती वाटली, तुम्ही विकायचाच नाही म्हणाल."

आजोबांनी त्यांना तेच पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं. कानांमुळे की ऐकायला बरं वाटलं म्हणून, कोण जाणे. मग ते स्टुलावर नीट टेकून बसले आणि त्यांनी भाचीकडे बोट केलं. ही वाजवते कशी, तेवढं सांगा, म्हणाले. मला आता सूर ऐकू येत नाहीत, आणि कुणाच्याही हाती मी हा द्यायचो नाही.

मामा उत्साहाने सुरू झाले. श्वास भलत्या ठिकाणी घेते. डावा खांदा पाडते. खालचे सूर ओढत नेते, वरच्यांवर धसमुसळेपणा करते. गाल फुगवते, पाय आपटते, मास्तरांकडे बघत नाही, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठते. ही यादी भाची लहानपणापासून ऐकत आली होती आणि दर वेळी हिरमुसून आतल्या खोलीत जात आली होती. मामांना दम लागला, तरी ते थांबेनात.

आजोबा हसायला लागले. त्यांनी सूसाफोन दुखऱ्या खांद्याने सरकवत भाचीच्या अंगावर चढवला.

"घेऊन जा गं," ते म्हणाले. "एवढे दोष तर त्यांना माझ्या सूसाफोनातही सापडले नव्हते."

मामा बोलता बोलता गप्प झाले आणि कानापर्यंत लाल झाले. भाची त्या पितळी वेढ्यातून त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"मामा," ती म्हणाली, "आणखी सांग ना."