आधी सांगायची गोष्ट

छापखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी दोन दिवसांच्या कुठल्याशा शिबिरातून एवढीच कमाई केली होती: ‘फुल डिस्क्लोजर’ हे दोन शब्द. तेव्हापासून ते लिमलेटच्या गोळीसारखे त्यांच्या तोंडात घोळायचे. “फुल डिस्क्लोजर, मला पंखा सोसत नाही.” “फुल डिस्क्लोजर, आज मी डबा आणलेला नाही.” ज्याचा स्वार्थ गुंतलाय त्यानं मत देण्याआधी तो उघड करावा, यासाठी हे शब्द असतात, हे प्रूफबाईंना ठाऊक होतं. तीस वर्षं लोकांच्या चुका शोधून त्यांचे डोळे अधू झाले होते. जीभ शाबूत होती.

प्रूफखात्याच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि ती खुर्ची त्यांना हवी होती. उगाच आढेवेढे घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुसरा उमेदवार आठ महिन्यांपूर्वी चिकटलेला एक तरुण.

तिथली रीत अशी, की बढती मालकांनी सगळ्यांदेखत ठरवायची. साहेब उभे राहिले.

“फुल डिस्क्लोजर, मला बैठकीत झोप येते. पण हा मुलगा हिरा आहे, मालक. बाईंचं आता वय झालं.”

बाई उठल्या. “मालक, ही जागा मलाच हवी आहे, तेव्हा माझं बोलणं तसंच धरा. साहेबांच्या ताईंची लग्नपत्रिका इथंच छापली होती. प्रूफ मी वाचलं होतं. नवरदेवाचं आडनाव आणि गाव या हिऱ्याचंच. साहेब, डिस्क्लोजर म्हणतात ते याला. झोपेला नव्हे.”

मालकांनी चष्मा काढला. “भाचा का रे तुझा?”

“म्हणजे... सांगणारच होतो.”

“कधी? तो रिटायर झाल्यावर?” मागून बाइंडरनं विचारलं.

तरुण मान खाली घालून म्हणाला, “मामाच म्हणाले, बोलू नकोस.”

“पोरगा मामापेक्षा बरा निघाला,” मालक म्हणाले. “जागा बाईंची.”

साहेब अभिनंदनाला फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाचाच आला, वाचून झालेलं प्रूफ घेऊन. पहिल्या ओळीतच दोन चुका तशाच राहिल्या होत्या. बाईंनी कागद परत सरकवला.

“बस इथं. हिऱ्याला पैलू पाडायला वेळ लागतो म्हणे. माझ्याकडे तीनच वर्षं आहेत.”