वाचनाला सहाशे माणसं

चौक गावचं वाचनालय ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला वरच्या ऑफिसातून फोन आला, तेव्हा ग्रंथपाल ग्रेसी नेमकी मासळी आणायला गेली होती आणि तिच्या खुर्चीत रॉक बसला होता. तिथंच घोटाळा झाला.

रॉक वाचनालय समितीचा अध्यक्ष. पुस्तकांशी त्याचा संबंध एवढाच, की दुपारी पंख्याखाली आडवं होताना एखादं जाडसं डोक्याखाली घ्यायचा. साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे वाचनाला किती माणसं असतात?" आता गावात वाचन म्हणजे रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत होणारं बायबलचं, पहिलं वाचन आणि दुसरं वाचन. रॉक छाती फुगवून म्हणाला, "सहाशे तरी हाय! नाताळात बाहेर मांडव घालायला लागतो."

खरे वाचक एकवीस. अनुदानाला कात्री लागलेली, त्यात वाचक कमी म्हणजे कुलूपच. अठरा वर्षं ग्रेसीनं ती खोली आणि चार कपाटं सांभाळली होती, वाळवीशी एकटीनं भांडून. आकडा ऐकून तिनं कपाळावर हात मारला. पण वाचनालय वाचत असेल तर वाचू दे, खोट्याच्या कन्फेशनला रॉक जाईल, असं म्हणून तिनं आकडा तसाच राहू दिला.

पंधरा दिवसांत पत्र आलं. वाचकसंख्येबद्दल अभिनंदन. एवढ्या वाचकांना सदर खोली अपुरी, नव्या जागेला निधी नाही, सबब सर्व पुस्तकं जेसल पार्कच्या वाचनालयात हलवण्यात येतील, टेंपो सोमवारी. घ्या! एकवीस म्हणावं तर कुलूप, सहाशे म्हणावं तर टेंपो. जेसल पार्क म्हणजे बस, मग रिक्षा. म्हाताऱ्या क्लेअरमावशीला घरची पायरी उतरताना नाकी नऊ येतात, ती काय तिथं जाणार? ग्रेसी रडली, मग भयंकर चिडली.

रविवारी दुसरं वाचन तिच्याकडेच होतं. वाचून झालं तरी तिनं माईक सोडला नाही. "ऐका! सरकारी कागदावर तुम्ही सगळी वाचक हाय. ही रॉकची कृपा. मिस्सा सुटला की घरी जायचं न्हाय. वाचनालयात यायचं, दोन-दोन पुस्तकं न्यायची. वाचा नायतर नका वाचू, पण चुलीपासून लांब ठेवा." फादर खोकले, पण खोकण्यावरच थांबले.

झुंबड उडाली. बिनलग्नाच्या गेविनच्या हाती बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक आलं. तो बदलून मागायला लागला, तर ग्रेसी म्हणाली, "ठेव, पुढं लागेल." दुपारपर्यंत चारही कपाटं रिकामी.

सोमवारी टेंपोबरोबर अमोल नावाचा कारकून आला आणि कपाटांकडे बघतच राहिला. "मॅडम, पुस्तकं?"

"वाचकांकडं. ह्या बघा सह्या."

"परत कधी येणार?"

"सहाशे माणसं हाय, भाऊ. वाचून झाली की."

टेंपो रिकामाच गेला. गावानं आठवडाभर त्यावर हसून घेतलं.

मग एका सकाळी क्लेअरमावशी लंगडत आली आणि पुस्तक टेबलावर आपटलं. "झालं वाचून. नवऱ्याला सोडलान तिनं, बरं केलान मेलीनं. दुसरं दे."

ग्रेसीनं रिकाम्या कपाटांकडे पाहिलं. मग नोंदवही उघडली. "माझ्याकडं एक पण न्हाय, मावशी. टॅनियाकडं दोन हाय. हे तिला दे, तिचं तू घे."

"मग तू हितं बसून काय करतेस?"

ग्रेसीनं भर कामाच्या वेळी स्वतःच्या हातानं वाचनालयाला कुलूप लावलं, नोंदवही काखेत मारली आणि मावशीचा हात धरून टॅनियाच्या घराकडे निघाली.