मोठ्या चाकांची गाडी आणि अलगदराव

बाई लिपस्टिक गाडीतच लावायच्या. घरात आरसे नव्हते असं नाही. जिन्यातसुद्धा एक होता. पण घरी तोंड रंगवत बसणं म्हणजे वेळेची नासाडी, असं बाईंचं ठाम मत, आणि बटणांचा कारखाना शून्यातून उभा केलेल्या बाईच्या मतापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. बंगल्यातून गाडी बाहेर पडली की पर्स उघडायची. छोटा आरसा डाव्या हातात, लिपस्टिक उजव्या हातात, आणि कारखाना यायच्या आत काम फत्ते. इतक्या वर्षांत रेघ एकदाही ओठाबाहेर गेली नव्हती.

याचं सगळं श्रेय ड्रायव्हरला मिळायचं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. कारखान्यात सगळे त्यांना अलगदराव म्हणत. ते गाडी अशी थांबवायचे की थांबल्याचं खिडकीबाहेर बघून कळायचं. या नावाचा त्यांना भारी अभिमान होता, पण तो ते तोंडावर दिसू देत नसत. बायको मात्र म्हणायची, ‘अलगदपणा सगळा गाडीत. घरी दार लावतात तेव्हा भांडी पडतात.’

बाईंच्या वाढदिवसाला त्यांच्या मुलाने, म्हणजे कारखान्यातल्या धाकट्या साहेबांनी, नवी गाडी आणली. गाडी कसली, चाकांवरचा दिवाणखाना! चढायला पायरी आपोआप बाहेर यायची, सीट पाठ चेपून द्यायची, आणि खाली म्हणे हवेचं सस्पेन्शन होतं. शोरूममध्ये विचारलं गेलं, चाकं वीस इंची देऊ की तेवीस? साहेबांचा विचार अगदी सरळ. पोरांच्या सायकलची चाकं एवढीशी असतात, ती खड्ड्याखड्ड्याला आपटते. मोठ्यांची सायकल वरून निघून जाते. म्हणजे चाक मोठं तितका आराम मोठा. आईच्या पाठीसाठी एवढं केलंय, मग चाकांतच हात आखडता कशाला? त्यांनी तेवीस सांगितली. शोरूमवाला म्हणाला, ‘व्वा साहेब, काय दिसेल गाडी!’ आरामाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. तो प्रामाणिक माणूस असावा.

पहिल्याच सकाळी बाईंच्या लिपस्टिकची रेघ गालावर गेली.

दुसऱ्या दिवशी ती हनुवटीवर गेली. तिसऱ्या दिवशी बाई गाडीतून उतरल्या तेव्हा दारावरच्या वॉचमनने सलाम ठोकता ठोकता मान खाली घातली, कारण हसू आवरेना. धाकट्या साहेबांनी आईला विचारलं, ‘हे काय गं?’ बाई म्हणाल्या, ‘गाडी हलते,’ आणि रुमाल काढून आत गेल्या.

गाडी हलते म्हणजे ड्रायव्हर हलवतो, हे कोणालाही कळेल. साहेबांनी अलगदरावांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस सज्जन; चहा मागवला, खुर्ची दिली आणि मगच सुरी फिरवली. ‘काका, वय सगळ्यांचंच होतं. एवढी भारी गाडी आहे. पायांना अंदाज येत नसेल तर सांगा, संकोच करू नका. आईच्या जिवाचा प्रश्न आहे.’

अलगदरावांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी पायांकडे पाहिलं. पाय नेहमीसारखेच दिसत होते, पण आता त्यांचा भरवसा काय!

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले, पुढ्यात उशी ठेवली आणि तिच्यावर पाय दाबून बघू लागले. हळू. आणखी हळू. बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

‘पाय दुखतोय?’

‘नाही. हळू पडतो का ते बघतोय.’

‘उशीला विचारा. ती सांगेल.’

मग साहेबांच्या सांगण्यावरून ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तसा पाय ताडकन उडाला. डॉक्टर म्हणाला, उत्तम. अलगदरावांनी मात्र हाय खाल्ली. एवढा उडणारा पाय ब्रेकवर ठेवायचा? रोज सकाळी ते गाडी आणखी सावकाश हाकायचे. मागून हॉर्न वाजायचे, सायकलवाले पुढे जायचे, आणि तरीही बाईंची रेघ कुठल्या कुठे जायची. गाडी रस्त्यावरचा प्रत्येक जोड, प्रत्येक खडा मोजून घेत होती. बाई आरशात बघायच्या, पुसायच्या आणि म्हणायच्या, ‘असू द्या, अलगदराव.’ ते ‘असू द्या’ त्यांना शिवीपेक्षा जास्त लागायचं.

शेवटी साहेबच म्हणाले, मी चालवून बघतो. अलगदराव शेजारी बसले, बाई मागे. कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणावरून गाडी गेली, धाडकन आवाज आला, आणि मागून बाईंचं ‘अगं आई गं!’ ऐकू आलं. रेघ नाकापर्यंत गेली होती. साहेब काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना बोलता येईना. त्यांची जीभ चावली गेली होती.

अलगदरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांना हसायचं होतं, पण साहेबांची जीभ म्हणजे मालकाची जीभ.

गाडी तशीच टायरच्या दुकानात गेली. दुकानाची मालकीण इंजिनिअर होती, बापाचं दुकान तिने चौपट केलं होतं आणि तिला फार वेळ नव्हता. तिने चाकाकडे पाहिलं, वाकून टायरच्या कडेला दोन बोटं लावली. रिम आणि जमीन यांच्यामध्ये रबर होतं जेमतेम तेवढंच.

‘तेवीस इंची कोणी सांगितली?’

‘मी,’ साहेब बोबडं बोलले. ‘मोठं चाक म्हणजे आराम.’

‘चाक कुठे मोठं झालंय? बाहेरून माप तेवढंच आहे. मधली रिम मोठी झाली, म्हणजे रबर कमी झालं. पलंगाची फळी जाड केलीत आणि वरची गादी पातळ करून टाकलीत. वर वजनही वाढलं.’

‘पण खाली हवेचं सस्पेन्शन आहे.’

‘ते मोठ्या हेलकाव्यांना. बारीकसारीक धक्का टायरनेच खायचा असतो. त्याला खायला तोंडच ठेवलं नाही तुम्ही.’

‘चाक’ म्हणजे साहेबांच्या मते अख्खं चाक. शोरूमच्या मते फक्त रिम. एवढ्याशा शब्दापायी एका माणसाने उशीवर पाय दाबून बघितले होते. साहेबांनी वीस इंची रिम आणि जाडजूड टायर मागवले. चाकं बसली, तशी गाडी गटाराच्या झाकणावरून गेली आणि नुसतं ‘हं’ म्हणाली. बाहेरून मात्र तिचा तोरा जरा उतरला होता.

साहेब मोकळ्या मनाचे, त्यांनी अलगदरावांची माफी मागितली. पण पुढे म्हणाले, ‘आता चाकांचं निमित्त संपलं हं, काका. आता रेघ गेली तर पायच म्हणायचे. मग मात्र तुम्ही घरी बसायचं. मला आईला धोक्यात घालता येणार नाही.’ अलगदराव म्हणाले, ‘कबूल.’ कबूल न करून सांगतात कोणाला!

सोमवारी सकाळी बाईंनी पर्स उघडली नाही. अर्धा रस्ता सरला तरी उघडली नाही. गाडी लोण्यातून चालल्यासारखी चालली होती आणि अलगदराव मनातून म्हणत होते, लावा की बाई, आज लावा. रेल्वे फाटक बंद मिळालं. त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, पाय ब्रेकवरून काढून घेतला आणि सवयीने आरशात पाहिलं.

बाईंनी तेवढ्यात लिपस्टिक काढली होती. हात ओठांजवळ गेला, थांबला, आणि थरथरला. रेघ वरच्या ओठावरून नाकाखाली गेली. बाईंनी पुसली. पुन्हा प्रयत्न केला. मग आरसा मांडीवर ठेवून त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी ती रेघ गेलीच. गाडी उभी होती, बोनेटवर बसलेली माशीसुद्धा हलत नव्हती.

माझे पाय शाबूत आहेत! हा विचार आधी आला आणि अलगदरावांना अतोनात आनंद झाला. त्या आनंदाची त्यांना लगेच इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. आरशात बाईंची नजर भेटली. अलगदरावांनी चटकन नजर काढून फाटकातून जाणाऱ्या मालगाडीकडे लावली आणि डबे संपेपर्यंत तिकडेच बघत राहिले.

कारखान्याच्या दारात धाकटे साहेब उभेच होते. त्यांनी आईच्या ओठांकडे पाहिलं. मग अलगदरावांकडे पाहिलं. ‘काका?’

‘माझंच चुकलं, साहेब,’ अलगदराव म्हणाले. ‘फाटकापाशी ब्रेक जोरात लागला.’

साहेबांनी सुस्कारा सोडला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘वाईट वाटून घेऊ नका. खूप केलंत तुम्ही आमच्यासाठी. उद्यापासून आराम करा.’ अलगदरावांनी खिशातून किल्ली काढली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी अलगद ठेवली, आवाजसुद्धा झाला नाही.

बाई पायऱ्या चढत होत्या. त्या थांबल्या.

‘गाडी उभी होती,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘फाटकापाशी गाडी उभी होती. इंजिनही बंद होतं. खोटं बोलतायत ते.’ बाई खाली उतरल्या आणि उजवा हात मुलासमोर धरला. सकाळच्या उजेडात तो चांगलाच थरथरत होता. साहेबांनी आधी हाताकडे पाहिलं, मग चाकांकडे पाहिलं, आणि मग तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

‘कधीपासून, आई?’

‘जुन्या गाडीपासून. तेव्हा थोडा होता, भागवून न्यायचे. तुझी गाडी आली आणि मला वाटलं, बरं झालं, हिच्या नावावर खपेल. यांच्या नावावर खपवलं जाईल हे लक्षात आलं नव्हतं. आलं, तेव्हाही मी गप्प बसले. भीती वाटली रे.’

वॉचमन आभाळाकडे बघत होता. बाईंनी मुलाच्या हातातली किल्ली काढून घेतली. ती अलगदरावांना देताना खुळखुळली, पण त्यांनी हाताची थरथर लपवली नाही.

‘आणि तुम्ही,’ त्या रागाने म्हणाल्या. डोळे मात्र भरून आले होते. ‘इतके दिवस स्वतःच्या पायांवर संशय घेतलात. डॉक्टरकडे जाऊन आलात. माझ्या हातावर एकदाही संशय नाही घेतलात?’

अलगदरावांना प्रश्नच कळला नाही.

‘तुमच्या हातावर कसा घेणार, बाई?’ ते म्हणाले.