मेयरसाहेबांचं पहिलं फावडं

माझ्या दिराला फोटोचं भारी वेड. कोर्बिनियन नाव त्याचं, बव्हेरियातल्या आमच्या गावचा बारा वर्षं मेयर. कुठे नळ बसला तरी हा शेजारी हात बांधून उभा. हसू नका, त्या वेडापायी माझी लाकूड कापायची गिरणी बुडायला आली होती.

झालं असं, गावातल्या जुन्या पुलावरून पुढच्या वर्षापासून जड ट्रक बंद होणार होते. ट्रक बंद म्हणजे गिरणीला कुलूप. नवरा गेल्यापासून मी ती एकटीनं चालवतेय, दुसरं काही मला येतही नाही. एकच वाट उरली: रेल्वेच्या मुख्य मार्गापासून गिरणीच्या दारापर्यंत स्वतःचा फाटा टाकायचा. त्याला सरकार निम्म्याहून जास्त पैसे देतं. अट एवढीच, की मंजुरीआधी कामाला हात लावायचा नाही. लावलात, की अर्ज बाद.

मी अर्ज केला आणि गप्प बसले. दीर कसला गप्प बसतोय! निवडणूक तोंडावर आलेली. मी बहिणीकडे गेलेय असं बघून यानं गिरणीमागच्या गवतात बँड बोलावला, बिअरचं पिंप फोडलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि पहिलं फावडं मारताना फोटो काढून घेतला. पेपरात मथळा: 'मेयरांच्या हस्ते रेल्वेचं काम सुरू.' सरकारी खात्यानं तेच कात्रण जोडून माझा अर्ज फेटाळला.

मी सरळ खात्यावर दावा ठोकला.

"खड्डा किती खोल खणला होता?" माझ्या वकीलबाई ड्रेक्सलर यांनी विचारलं.

"खड्डा कसला डोंबलाचा! बालवाडीतल्या पोरांची खेळायची वाळू आणून ढीग घातला होता. संध्याकाळी परत नेली."

"मग जिंकलोच की. फक्त मेयरांनी कोर्टात तसं सांगायला हवं."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. दिराच्या प्रत्येक पोस्टरवर छापलेलं, 'रेल्वेचं काम मी सुरू केलं.'

"वहिनी, कसं सांगू हो मी?" तो कळवळून म्हणाला. "पेपरवाले बसलेले असणार. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत! भावोजी, तुमची खुर्ची गेली तर पेन्शन आहे. माझी गिरणी गेली तर मी काय खाऊ, तुमचे फोटो?"

तो आपला पोस्टरं मोजत बसला. मेला बुडवणार मला, असं म्हणतच मी घरी आले.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मेयरसाहेब, त्या दिवशी आपण नेमकं काय केलंत?"

सवयीनं याची छाती फुगली. "बाईसाहेब, गावाच्या भविष्याचा मी..."

"काम सुरू केलंत का?"

खात्याचा वकील पेन सरसावून बसला. दिरानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसलं असावं.

"नाही," तो म्हणाला. "वाळू होती ती. इकडची तिकडे केली आणि पोरांना परत दिली. खरं सांगू? बारा वर्षांत मी कुठलंच काम सुरू केलेलं नाही. मी नुसता शेजारी उभा राहतो."

कोर्टात खसखस पिकली. मला नाही हसू आलं. इतकी वर्षं शिव्या घातलेल्या माणसाची मला पहिल्यांदा दया आली, आणि अभिमानही वाटला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. खात्यानं अर्ज पुन्हा तपासला आणि निमूटपणे मंजूर केला. निवडणुकीत मात्र दीर सडकून आपटला. विरोधकांनी त्याचं कोर्टातलं वाक्यच पोस्टरवर छापलं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी हा गिरणीच्या दारात हजर. अंगात जुनी पँट, हातात नवे हातमोजे, त्यांच्यावरची किमतीची चिठ्ठी तशीच.

"वहिनी, फाट्याच्या कामाला माणसं लागतील ना?"

"लागतील. पण तुम्हाला येतं का काही?"

"नाही येत. कोर्टात सांगितलंच की."

मला भडभडून आलं. पण तसं दाखवलं तर मी कसली!

"आत छातीभर भुसा साचलाय," मी म्हटलं. "चला भावोजी, करा सुरू."