पिशोरची पोरं मोजायचा दिवस

पिशोरच्या शाळेत बद्रीनाथ मास्तरांना येऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत कुणी त्यांच्या हातावर रोख छदामही ठेवला नव्हता. सुगीला घरटी चार पायली ज्वारी, तोच पगार. यंदा पिकानं दगा दिला, तीही बंद झाली. करमाडला बायकामुलं भावाच्या जिवावर होती आणि भावाचा निरोप आला होता की आता पुरे, परत ये. मास्तरही खरं तर विटले होते. पण आपण गेलो की कापसाची वजनचिठ्ठी वाचणारं गावात कुणी उरणार नाही, व्यापारी सांगेल तेच वजन, हे त्यांच्या जिवाला लागत होतं.

निजाम सरकारच्या तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याला तीन अर्ज झाले, तेव्हा कुठं उत्तर आलं. साहेब स्वतः पाहणीला येतील, वर्गात तीस मुलं दिसली तर शाळेला सरकारी मदत आणि मास्तरांना पगार. मास्तर एवढे हरखले, की आदल्या दिवशी त्यांनी गावात दवंडीच पिटवली: उद्या सरकारचे साहेब पोरं मोजायला येणार हो!

इथंच मास्तरांनी माती खाल्ली.

गयास अहमद साहेब छकड्यातून आले. भला माणूस, प्रवासानं पार आंबून गेलेला. वर्गात चिटपाखरू नव्हतं. मास्तरांनी घंटा बडवली, घरोघर हाका मारल्या. साहेबांनी दुपारपर्यंत वाट पाहिली.

"मास्तरसाब, अब मैं लिखूं तो क्या लिखूं?" ते कळवळून म्हणाले. मग त्यांनी कागदावर शून्य लिहिलं. पुढचा दौरा दोन वर्षांनी होता.

छकडा ओढ्यापार गेला आणि तुरीच्या रानातून पोरं बाहेर पडली. पुढं चतुराबाई, तिची दोन्ही पोरं शाळेत होती.

"मास्तर, भिऊ नका, एकबी घावलं नाय त्याला!" ती म्हणाली. "मागं सरकारनं बैलं मोजली अन् महिनाभर वेठीला नेली. आता पोरं मोजायलेत म्हणं! पहाटंच समदी तुरीत दडवली. तुमची शाळा मोडू देतो व्हय आमी?"

मास्तरांना राग यायला हवा होता. आला नाही. मोजणी कशासाठी, एवढं साधं त्यांनी गावाला सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त खाली बसावंसं वाटलं.

"चतुराबाई, मी सोमवारी करमाडला जातोय."

"जाऊन या की. कधी येनार?"

मास्तरांनी हजेरीची वही उघडली आणि नावं घ्यायला सुरुवात केली. सांडू शेतकऱ्याची कायम दांडी मारणारी दोन्ही पोरंसुद्धा आज आली होती. एकेचाळीस नावं झाली, आणि एकेचाळीस वेळा खणखणीत आवाज आला, "हाजिर!"